रविवारचा खून आणि टँकरचं पाणी

१

रविवारी दुपारी बाराच्या सुमाराला नागुबाईनं गावविहिरीत घागर सोडली. ती पाण्यात बुडायच्या ऐवजी खडकावर आपटून चेपली. आवाजानं बाया धावल्या, वाकून बघितलं. तळाला ओल होती, पाणी नव्हतं.

आमच्या कासारबोरीला कोरड्या विहिरीचं काही नवल नाही. साल सत्याऐंशी, चैत्र सरत आलेला, आणि पावसानं दोन वर्षं तोंड दाखवलेलं नाही. नवल याचं की त्याच सकाळी दहा वाजता दहा हजार लिटरचा सरकारी टँकर त्या विहिरीत रिकामा झाला होता. निदान कागद तसं म्हणत होता. चिठ्ठीवर ग्रामपंचायतीचा शिपाई साहेबराव याची सही होती : 'टँकर भरून आला, पाणी विहिरीत पूर्ण सोडले.' विहिरीचा तळ काळ्या पाषाणाचा. तिथं सोडलेलं पाणी दोन दिवस जागचं हलत नाही.

मग दोनच गोष्टी शक्य. पाणी आलंच नाही, किंवा आलेलं कुणीतरी दोन तासांत नेलं. पहिली गोष्ट मानायला सोपी होती, त्यामुळं गावानं ती जेवणाआधीच मानून टाकली.

भर दिवसा गावविहिरीपाशी काय झालं ते कुणीच कसं पाहिलं नाही, असं परका माणूस विचारील. त्याला सांगतो. रविवारी साडेदहाला टीव्हीवर खुनाची मालिका लागायची. तिचं हिंदी नाव तोंडात बसेना, म्हणून गावानं तिला 'रविवारचा खून' म्हणायला सुरुवात केली. सहा आठवडे एका शेठच्या खुनाचा तपास चाललेला, आणि त्या दिवशी खुनी सापडायचा होता. ग्रामपंचायतीच्या खोलीत एक टीव्ही आणि त्याच्यासमोर दीडशे माणसं. टँकरचा ड्रायव्हर गुरुलिंगसुद्धा नळी गुंडाळून दारात येऊन बसला होता. साहेबराव तर तिथं असणारच, टीव्हीची किल्ली त्याच्याकडं आणि अँटेना फिरवायचं कामही त्याचंच. रस्त्यावर कुत्रं नव्हतं.

संध्याकाळी उपसरपंच व्यंकटराव चावडीत उभे राहून म्हणाले, "दहाला मी विहिरीवरूनच गेलो. पाणी पडल्याचा आवाज न्हाई, काही न्हाई. टँकरचं पाणी वाटंतच कुठंतरी विकलं असंल. सही करणाऱ्याला विचारा."

सही करणारा नऊ वर्षं हंगामी होता. त्याला कायम करायची फाईल उस्मानाबादहून लातूरला आली होती आणि नव्या जिल्ह्याच्या कुठल्यातरी नव्या कपाटात होती. ग्रामसेवक लिंबाजीराव म्हणाले, "बुधवारच्या टपालानं अहवाल पाठवतो. माझा नाइलाज हाय."

तो अहवाल माझ्याच पिशवीतून जाणार होता.

२

मी मन्मथ, गावचा शाखा पोस्टमास्तर. पोस्ट म्हणजे माझ्या घराची ओसरी, एक लोखंडी पेटी आणि एक शिक्का. जिल्हा होऊन पाच वर्षं झाली तरी निम्मी माणसं पत्त्यावर अजून जुनाच जिल्हा लिहितात आणि पत्रं बिचारी दोन गावं जास्त हिंडून येतात. कोण कुणाला लिहितं, कोण लिहायचं टाळतं, कुणाचं उत्तर किती दिवस थकलंय, सगळं माझ्या डोक्यात आपोआप मांडलं जातं. खोड वाईट आहे, पण पोस्टात बसलेल्या माणसाला दुसरी करमणूक काय?

सोमवारी सकाळी साहेबराव आला. बसला नाही. ओसरीच्या या खांबापासून त्या खांबापर्यंत फेऱ्या मारत राहिला.

"अप्पा, मी डोळ्यांनी पाह्यलं. शेवटचा थेंब पडेपर्यंत उभा होतो. मग किल्ली घेऊन पळत गेलो, कारण लोक दारावर लाथा मारायले होते."

"विहिरीपाशी कुणी होतं?"

"एक चिमणी नव्हती. व्यंकटराव तर न्हाईच न्हाई."

"मग ते खोटं का बोलतील?"

"ते मी बोललो तर लहान तोंडी मोठा घास." तो थांबला. "वेशीबाहेर आमच्या वस्तीच्या बाया सकाळधरनं नुसत्या बघायल्यात माझ्याकडं. इकडच्या शिव्या देतात ते मला सोसतं. पण त्या नुसत्या बघायल्यात. नोकरी गेली तर जाऊ द्या, अप्पा. पण पाणी विकणारा म्हणून जाऊ ने."

तो गेला आणि माझ्या ओसरीवर रांग लागली. पाण्याची नव्हे, कार्डांची.

लातूरचं एक साप्ताहिक त्या मालिकेवर प्रेक्षकांची पत्रं छापायचं. आपलं नाव छापून यावं म्हणून आमचं गाव दर सोमवारी कार्डं टाकायचं. ज्यांना लिहिता येत नाही त्यांची मी लिहून द्यायचो. एरवी प्रत्येकाचं मत वेगळं असायचं. कुणाला इन्स्पेक्टर जावई म्हणून हवा असायचा, कुणाला शेठची बायको आवडायची नाही. त्या सोमवारी मात्र सतरा कार्डांत एकच रड होती.

नागुबाईनं सांगितलं, "लिहा, इन्स्पेक्टरनं मेजाचा खण उघडला आन् चित्र आटून भाकरीएवढं झालं. मग काळं. नुसता आवाज. शेठला मारलं कशानं ते दिसलंच न्हाई. पुन्हा दाखवा म्हणावं."

भामाबाईनं सांगितलं, "धाडकन काहीतरी वाजलं, बाई ओरडली, सून म्हणाली हाव, मीच मारलं. पण कशानं मारलं? चित्र आलं ते पोलिसांची जीप निघाल्यावर."

पिठाच्या गिरणीवाला, नावानंच श्रीमंत, स्वतः लिहू शकत होता, तरी येऊन मलाच सांगत बसला. "अप्पा, सहा आठवडे बघायलो, आणि ऐन वक्ताला वीस मिनिटं अंधार. लोक मला शिव्या द्यायलेत. म्हणे तुझीच गिरणी चालू असंल."

माझा टाक थांबला.

३

आमच्या गावाला आणि विहिरीजवळच्या शेतांना वीज एकाच डीपीवरून, म्हणजे ट्रान्सफॉर्मरवरून, येते. मोठी मोटर सुरू झाली की गावातले दिवे पिवळे पडतात आणि टीव्हीचं चित्र चारी बाजूंनी आटतं. श्रीमंतची गिरणी सुरू झाली की हे रोजच होतं. म्हणून लोकांनी त्याचं नाव घेतलं, आणि त्यात त्यांचं काही चुकलं नव्हतं.

"मग चालू होती का?" मी विचारलं.

"कशाची चालू? पट्टा तुटलाय, शुक्रवारीच लातूरला धाडला. आणि मी तर खोलीत किशनरावच्या मागं बसलो होतो. त्याच्या पटक्यानं निम्मी बाई दिसंना मला."

किशनरावची आठवण आपसूक निघाली, ते बरं झालं. विहिरीच्या पूर्वेला किशनरावची मोसंबी आहे. झाडं वाळून काड्या झालेली, आणि पाच हॉर्सची मोटर कोरड्या विहिरीवर नुसती बसलेली. पाण्याची चोरी म्हटल्यावर पहिलं नाव त्याचंच सुचावं असा हा माणूस.

दुपारी त्याच्याकडं गेलो. तो झाडांच्या आळ्यांतून ढेकळं उकरत होता.

"बघा, हात घालून बघा," तो म्हणाला. "ओल लागली तर माझं नाव बदला. सगळे येऊन बघून गेलेत, तुम्हीच राह्यले होते."

हात घातला. तव्यात घातल्यासारखा भाजला.

"किशनराव, रविवारी खोलीतून मधे उठला होता?"

"उठतो कशाला? जागा गेली असती."

हे खरं होतं. त्याच्या पटक्याची तक्रार सतरापैकी चार कार्डांत होती. चित्र जाण्याआधीही पटका होता आणि चित्र आल्यावरही पटका होता. इतके साक्षीदार कोर्टातही कुणाला मिळत नाहीत.

गावविहिरीला नळी पुरेल अशा अंतरावर आणखी एकच मोटर होती, पश्चिमेला. ती व्यंकटरावांची, त्यांच्या परसाला लागूनच. पण व्यंकटराव खोलीत नव्हतेच. गावातला दुसरा टीव्ही त्यांच्या घरी. चावडीत त्यांनी सांगितलं होतं की साडेदहा ते अकरा आपण घरी मालिका बघत होतो. खोटं म्हणायला जागा नव्हती आणि खरं म्हणायला साक्षीदार नव्हता. बायको आणि लेक शनिवारपासून लग्नाचा बस्ता बांधायला नांदेडला गेल्या होत्या, त्या रविवारी संध्याकाळी परतल्या.

मोटर फिरली, पाणी गेलं. पण कळ कुणी दाबली, हे मोटर सांगत नाही.

४

सोमवारीच व्यंकटरावांकडं एक कार्ड द्यायचं होतं. हदगावहून, व्याह्यांचं, पंधरवड्यातलं दुसरं, त्याच मजकुराचं. कार्ड वाचायला आम्हाला मनाई आहे. पण शिक्का मारताना डोळे मिटले तर शिक्का बोटावर बसतो. 'आमची दोनशे माणसे गुरुवारी येतील. तिकडे पाण्याचे हाल ऐकतो. सोय नसल्यास तसे कळवावे, लग्न आमच्या दारात करू.' पोरीच्या बापाला दुष्काळात असलं कार्ड येणं म्हणजे काय, ते लिहिणाऱ्याला ठाऊक असतंच.

अंगणात बाया लग्नाची हळद कुटत होत्या. मधोमध कोंडाबाई. पदर दातात धरलेला, मुसळ डोक्यावर उचललेलं, डोळे वटारलेले. बाकीच्या हसून आडव्या पडल्या होत्या. व्यंकटराव ओसरीवर पाठमोरे बसून वर्तमानपत्र वाचत होते. म्हणजे पान उलटत नव्हते.

मला वाटलं, कोंडाबाई कुणाच्या तरी सासूची नक्कल करून दाखवतेय. कार्ड दिलं. त्यांनी वाचलं आणि खिशात घातलं.

"पाण्याचं काय केलंत मग?" मी सहज विचारलं.

"देव देईल," ते म्हणाले.

मंगळवारी टपालपेटी उघडली तर अठरावं कार्ड निघालं. अक्षर मोत्यासारखं. व्यंकटरावांचं.

'शेवटचा भाग आमच्या घरच्या टीव्हीवर निवांत पाहिला. सून पदर दातात धरते आणि मुसळ उगारून शेठच्या डोक्यात घालते, हा प्रसंग अंगावर काटा आणणारा. कृपया नावासह छापावे.'

मी ते कार्ड दोनदा वाचलं आणि तिसऱ्यांदा वाचलं नाही, कारण पाय थांबेनात. उन्हात तसाच कोंडाबाईच्या दारात गेलो.

"कोंडामाय, शेठला मारलं कशानं?"

"मला काय ठावं?" ती म्हणाली. "मीबी काळंच बघत होते."

"मग काल हळद कुटताना?"

ती लाजली. साठीची बाई, पण लाजली. "ज्यांना घरकामानं बघाया मिळत न्हाई त्या पोरी सांग म्हणतात. मग थोडं मीठमिरची लावावं लागतं. हातात मुसळ होतं, मुसळानं मारलं. हातात लाटणं असतं तर लाटण्यानं मारलं असतं."

माझ्या हातात आता सगळं होतं, आणि ते दाखवायची सोय नव्हती. पोस्टमास्तरनं चावडीत उभं राहून 'मी तुमचं कार्ड वाचलं' म्हणावं, तर साहेबरावच्या आधी माझीच नोकरी जायची. ते कार्ड मंगळवारच्या पिशवीतून गेलंसुद्धा. आणि बुधवारी अकराला पिशवी पुन्हा बांधायची होती, अहवालासकट.

५

बुधवारी दहाला चावडी भरली. ग्रामसेवकांनी अहवाल वाचून दाखवला : पाणी विहिरीत सोडल्याचा पुरावा नाही, शिपायाची सही खोटी दिसते. साहेबराव दाराशी उभा होता. बस म्हटलं तरी बसला नाही. गुरुलिंग ड्रायव्हरला बोलावलं होतं, तो टोपी मुरगाळत होता. व्यंकटराव खुर्चीत होते आणि त्यांचा एक पाय सारखा हलत होता. उद्या लग्न असल्यावर कुणाचाही हलेल.

"पोचीवर सही करा, मन्मथअप्पा, आणि न्या," ग्रामसेवक म्हणाले.

"नेतो," मी म्हणालो. "पिशवी बांधायला अजून अर्धा तास हाय. तोवर एक वाद मिटवा. माझ्या ओसरीवर तीन दिवस तेच चाललंय. शेठला मारलं कशानं?"

अहवालाचं कुणाला भान राहिलं नाही. इतकी माणसं इतक्या कळवळ्यानं पाण्यावरही बोलली नव्हती.

"बंदुकीच्या दस्त्यानं," श्रीमंत म्हणाला.

"बंदूक असती तर दस्त्यानं कशाला मारंल? गोळी न्हाई घालणार?" किशनराव म्हणाला.

"गोळी घालायला बाई काय तुझ्यावाणी शिकारी हाय?"

"पाटा असंल," नागुबाई म्हणाली.

"पाटा उचलला असता तर सूनच खाली गेली असती. तू बघितलीस ना तिची कंबर."

"कंबर बघायला तुझा पटका आडवा होता."

ग्रामसेवकांनी टेबलावर हात आपटला. कुणी ऐकलं नाही. व्यंकटराव हे सगळं शहाण्या माणसानं पोरांचा खेळ बघावा तसं बघत होते. शेवटी त्यांना राहवलं नाही. घरी टीव्ही असणाऱ्याला अशा वेळी गप्प बसणं जमत नाही.

"अरे, कशाला डोकं फोडता?" ते म्हणाले. "मुसळानं मारलं. पदर दातात धरून. मी घरी चक्क बघितलंय."

कोंडाबाईनं पदर तोंडाला लावला. मला वाटलं हसतेय. हसत नव्हती.

"व्यंकटराव," ती म्हणाली, "ते मुसळ माझं होतं."

"म्हणजे?"

"मी घातलं त्यात. तुमच्याच अंगणात. टीव्हीवर ते कुणीच बघितलं न्हाई."

मी गुरुलिंगकडं वळलो. "ड्रायव्हर, उदगीरला तुमच्या घरी चित्र नीट होतं ना? काय म्हणाली मालकीण?"

"फुलदाणी," गुरुलिंग म्हणाला. "पितळंची. बायकोनं तसलीच पाहिजे म्हणून तीन दिवस डोकं खाल्लंय."

"व्यंकटराव," मी म्हणालो, "तुम्ही घरी टीव्ही लावला असता तर गावासारखा अंधार बघितला असता. डीपी एकच हाय."

"आमच्या टीव्हीला मशीन हाय," ते घाईनं म्हणाले. "स्टॅबिलायझर. आमचं चित्र आटत न्हाई."

"मग फुलदाणी दिसली असती. अंधार न्हाई, फुलदाणी न्हाई, दिसलं ते कोंडामायचं मुसळ. म्हणजे साडेदहा ते अकरा तुम्ही टीव्हीपुढं नव्हता. मग कुठं होता? खण उघडल्यापासून जीप निघेपर्यंत वीस मिनिटं या डीपीवर मोठी मोटर फिरत होती, त्याला दीडशे साक्षीदार हायत. पाच हॉर्सच्या मोटरीला एक टँकर उपसायला तेवढाच वेळ लागतो. श्रीमंतचा पट्टा लातूरला. किशनरावचा पटका टीव्हीपुढं. गावविहिरीला पुरणारी दुसरी मोटर कुणाची, ते मी सांगायला पाहिजे का?"

व्यंकटरावांचा हलणारा पाय थांबला. त्या सकाळी पहिल्यांदा.

"दोनशे माणसं येणार होती," ते म्हणाले. "लग्न तिकडं नेलं असतं तर लेकीनं जन्मभर ऐकलं असतं."

"मागितलं असतं तर न्हाई म्हणलं असतं का गावानं?" नागुबाईनं विचारलं.

"उपसरपंचानं मागायचं?"

चावडी उठून त्यांच्या घराकडं निघाली. त्यांच्या मागच्या परसात कडब्याच्या गंजीखाली नवा सिमेंटचा हौद निघाला. काठोकाठ.

६

हौदाभोवती गाव जमलं. ग्रामसेवकांनी अहवाल चारदा फाडून खिशात घातला. श्रीमंत म्हणाला, सगळं पाणी आत्ताच विहिरीत सोडा. कोंडाबाई म्हणाली, पोरीचं काय चुकलं? आवाज चढायला लागले. व्यंकटराव गर्दीतून वाट काढत साहेबरावपाशी आले आणि हात जोडायला लागले.

साहेबरावनं ते हात मधेच धरले.

"माफी राहू द्या," तो म्हणाला. "लिहून द्या. टँकर भरून आला, साहेबरावची सही खरी, पाणी मी नेलं. तुमच्या अक्षरात. अकराच्या पिशवीत टाकायचंय."

व्यंकटरावांनी लिहिलं. अक्षर मोत्यासारखंच होतं, फक्त ओळी खाली झुकल्या होत्या. मी रजिस्टर केलं. शिक्का मारताना या वेळी उघड वाचलं, कारण सगळं गाव माझ्या खांद्यावरून वाचत होतं.

मग साहेबराव हौदाकडं वळला. "पाणी गावाचं हाय आन् लग्नबी गावातलंच हाय. आत्ता घरटी दोन घागरी. वस्तीच्या बाया तीन दिवस थांबल्यात, पहिल्या त्या. राहील ते उद्या लग्नाला. मग हौदाचं कुलूप लावा आणि किल्ली ग्रामपंचायतीकडं द्या."

"म्हणजे कुणाकडं?" व्यंकटरावांनी विचारलं.

"म्हणजे माझ्याकडं. उद्या पाण्यावर मी बसंन."

व्यंकटरावांनी भोवती बघितलं. त्यांच्या घरच्या कार्याला आजवर पाण्यावर कोण बसत आलं आणि कोण नाही, हे तिथं उभ्या असलेल्या प्रत्येकाला पाठ होतं. मदतीला कुणी पुढं आलं नाही. त्यांनी जानव्याला अडकवलेली हौदाची किल्ली सोडवली आणि साहेबरावच्या हातात दिली.

गुरुवारी दोनशे माणसं आली, वर तीस. ऊन असं होतं की अक्षता हातातच भाजल्या. साहेबराव धुतलेला सदरा घालून हौदाशेजारी दोन रांजण मांडून बसला होता. पंगत बसायच्या आधी नवरदेवाचे मामा, हदगावकडचे वजनदार गृहस्थ, रिकामा तांब्या घेऊन तिथं आले आणि व्यंकटरावांना विचारलं, "इव्हाईसाहेब, हे पाण्यावर कोण?"

मांडवात आमच्या गावची जेवढी माणसं होती तेवढ्यांनी कान दिला. व्यंकटरावांनी उपरण्यानं तोंड पुसलं, मग मान पुसली.

"आमचे साहेबराव," ते म्हणाले. "गावचं पाणी त्यांच्याच हातात हाय."

"असं होय," मामा म्हणाले आणि तांब्या पुढं केला. "द्या मग साहेबराव. घसा पार वाळून गेलाय बघा."

साहेबरावनं वगराळं रांजणात बुडवलं.